मेणातली वैजू

"वैजू बरी आहे?"

मी दारात चपला काढत असायची आणि आतून, गॅसपुढून, आईचा हा प्रश्न यायचा. मी म्हणायची, "बरी आहे." मग आई तव्यावरची भाकरी उलटायची आणि आमच्या घरातली संध्याकाळ सुरू व्हायची. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या दिवशी मात्र मी "बरी आहे" म्हटलं नाही. मी म्हटलं, "आई, वैजूबद्दल जरा बोलायचंय."

भाकरी तव्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास घरभर झाला तरी आईनं तिला हात लावला नाही. माझ्या आईच्या हातून भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

वैजू म्हणजे वैजयंता, माझी धाकटी बहीण. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. म्हातारी मेलेल्या लेकीची खुशाली विचारते म्हणून गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवायच्या. फिरवू देत. आईचं डोकं चांगलं ठिकाणावर होतं, माझ्यापेक्षाही. वैजूचा एक तुकडा खरोखरच माझ्या ताब्यात होता. मिरजेत मी ज्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची, तिथल्या एका खणात, मेणात बसवलेला, काडेपेटीतल्या मोडक्या काडीएवढा. तिच्या कमरेच्या हाडातून काढलेला. आई विचारायची ती त्याची खुशाली.

आता माझं काम थोडं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. डॉक्टर लोक पेशंटच्या अंगातून तुकडा काढतात आणि आमच्याकडे पाठवतात. आम्ही तो मेणात बसवून ब्लॉक करायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर अलगद उचलायचे आणि रंगवायचे. नेहमीचा रंग गुलाबी-जांभळा. त्यात बरंच काही दिसतं, पण सगळं दिसत नाही. मास्ट सेल नावाच्या पेशी तर त्यात अशा मिसळून जातात की भल्याभल्यांची नजर चुकते. तुम्हाआम्हाला डास चावला की गांधी उठते ना, ती याच पेशी उठवतात. प्रत्येकाच्या अंगात असतात, थोड्या. एखाद्याच्या हाडात त्या भलत्याच माजतात. मग साधी गोळी घेतली, कढत पाण्यानं आंघोळ केली, तरी सगळ्या एकदम फुटतात. माणूस लालबुंद होतो, पोटात कळा येतात, डोळे फिरतात आणि तो जागच्या जागी कोसळतो. अर्ध्या तासानं उठून बसला तर लोक म्हणतात, बघा, काही झालं नव्हतं.

या पेशी पकडायचं औषध म्हणजे अँटिबॉडी. बोटाएवढ्या बाटलीत येतं. ते कापावर घातलं की सगळं सोडून नेमकं त्या पेशींनाच जाऊन चिकटतं, आणि मग वरून रंग दिला की तेवढ्याच पेशी कात लावल्यासारख्या तपकिरी होतात. बाकी सगळं फिकं. पण त्यात एक मेख आहे. समजा, पेशंटच्या तुकड्यावर तपकिरी काही उठलंच नाही. मग रोग नाही म्हणायचं, की औषधच मेलंय म्हणायचं? म्हणून त्याच काचेवर शेजारी एक ओळखीचा तुकडा ठेवायचा, ज्यात या पेशी आहेतच हे आधीपासून माहीत आहे असा. त्याला म्हणायचं कंट्रोल. आणि हाडाच्या कामाला कंट्रोलही हाडाचाच लागतो, कारण हाड आधी ॲसिडात मऊ करावं लागतं आणि ॲसिडातून निघालेला तुकडा बाकीच्यांसारखा वागत नाही.

आमच्या लॅबचा हाडाचा कंट्रोल म्हणजे वैजू. दुसरा नव्हता.

आणि वैजू संपत आली होती.

झालं होतं असं. आमच्याकडे वनिता नावाची एक पोर ॲडमिट झाली होती, तासगावकडची, लग्नाला फार दिवस न झालेली. द्राक्षबागेत काम करताना पडायची. अंगावर बारीक तपकिरी डाग, ते घासले की फुगायचे. बरोबर सासू. सासूच्या पिशवीत दोन-तीन दवाखान्यांचे रिपोर्ट, सगळे नॉर्मल, आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. बाग काढणीला आलेली, इथं बसून राहायला आम्ही काय रिकामटेकडे आहोत काय, असं तिचं म्हणणं. आमच्या मुजावर मॅडमनी वनिताच्या हाडाचा तुकडा काढायला लावला. मॅडम म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर, बोलायला कमी, पण एकदा पाहिलेली स्लाइड न विसरणाऱ्या. त्यांना संशय आला होता तो याच पेशींचा.

पण जुनी बाटली संपली होती. नवी आली ती दुसऱ्याच कंपनीची. नवी बाटली म्हणजे तिच्यात पाणी किती घालायचं हे आधी बसवावं लागतं. कमी घातलं तर सगळंच तपकिरी, जास्त घातलं तर काहीच नाही. ते बसवायला काप लागतात, एकामागून एक, कंट्रोलचे. मॅडमनी पुण्याला फोन लावून बघितला. हाडाचा कंट्रोल आमच्याकडेही नाही, तुमच्याकडेच मागणार होतो, असं उत्तर आलं. वनिताचा तुकडा मुंबईला पाठवायचा तर उत्तर यायला आठवडे जाणार, आणि सासू तर परवाच गाडी करून निघणार होती.

मी ब्लॉक खणातून काढून खिडकीपाशी धरला. मेणातून उजेड आरपार दिसत होता. मधे एक पुसट रेघ राहिली होती, तेवढीच वैजू.

"पुरेल?" मॅडमनी विचारलं.

"पुरेल. पण उरणार नाही."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ब्लॉक कुणाचा ते ठाऊक होतं. म्हणाल्या, "रत्नाताई, मी तुम्हाला कापा म्हणणार नाही. आईंना विचारून या."

म्हणून मी करपणाऱ्या भाकरीसमोर उभी होते.

मी आईला सगळं सांगितलं, अगदी बाटलीपासून. ती ऐकत होती की नाही कळेना. भाकरीचा कोळसा झाल्यावर मीच पुढं होऊन गॅस बंद केला.

"नाही," आई म्हणाली.

मी म्हटलं, अगं, एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. उद्या ती बागेत परत गेली आणि तिला काही चावलं तर?

"तिचं तिची आई बघेल. माझी मी एकदा माझ्या हातानं पाठवली. परत नाही पाठवायची."

आता इथं माझ्याच्यानं वाद घालवेना. कारण ते खरं होतं.

वैजूलाही असेच डाग होते. लहानपणी आम्ही तिला चिडवायचो, हिच्यावर मसुरीची डाळ सांडली म्हणून. लग्नानंतर तिचं पडणं सुरू झालं. भरल्या पंगतीत वाढता वाढता पडली, हळदीकुंकवात पडली. सासरचे म्हणायला लागले, कामाच्या वेळीच बरी पडते. एकदा देवऋषीकडे नेऊन तिला उदबत्तीचे चटकेही दिले. मग ती माहेरी आली आणि इथल्या डॉक्टरांनी तिचं हाड तपासायला घेतलं. तो तुकडा मीच मेणात बसवला, मीच कापला, मीच रंगवला. गुलाबी-जांभळा. तेव्हा आमच्याकडे ती बाटली नव्हती, मुजावर मॅडमही नव्हत्या. माझ्या कापण्यात खोट नव्हती आणि बघणाऱ्याच्या नजरेतही नव्हती. रंगच अपुरा होता, त्याला कोण काय करणार? रिपोर्ट आला, विशेष काही आढळलं नाही.

त्या रिपोर्टनं घात केला. वैजू म्हणत होती, अक्का, अजून थोडे दिवस राहू दे गं मला. मी राहा म्हटलं. पण आईचा जीव टांगणीला लागलेला. बाबा गेलेले, लेक माहेरी येऊन बसलेली, लोक दहा तोंडांनी बोलणार. आईनं तिची पिशवी स्वतः भरली. वैजू उंबऱ्यावर बसून राहिली, उठेचना. तेव्हा आई तिला म्हणाली, "रिपोर्ट चांगला आलाय. आता सोंग पुरे."

वैजू उठली. पिशवी उचलली. पायात चपला घातल्या आणि गेली.

उन्हाळ्याच्या तोंडावर सासरच्या मळ्यात तिला गांधीलमाशी चावली. पडली. कुणी धावलं नाही. पडू दे थोडा वेळ, उठेल आपोआप, म्हणून सगळे कामाला लागले. नेहमी उठायचीच की! जेवायच्या वेळी हाक मारायला गेले तेव्हा ती गार झाली होती. आम्हाला निरोप आला तोवर सरणही पेटलं होतं. आईला तिचं तोंड बघायला मिळालं नाही, आणि अस्थी कधी, कुठं सोडल्या तेही कुणी कळवलं नाही.

पुढं मुजावर मॅडम आल्या. एका पेशंटसाठी ती बाटली मागवली आणि हाडाचा कंट्रोल हवा म्हणून मला म्हणाल्या, जुन्या ब्लॉकमध्ये असं अंगावर डाग, वारंवार पडणं, असलं कुणाचं काही आहे का? मी कुणाचा ते न सांगता वैजूचा ब्लॉक काढून दिला. रंग चढला तेव्हा मॅडमनी मला बोलावून दाखवलं. काचभर तपकिरी. त्या म्हणाल्या, "ही पेशंट कुठंय आता? हिला लगेच बोलावून घ्या." मी म्हटलं, "ही माझी बहीण होती."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं की वैजूला खराच रोग होता. वाटलं होतं, म्हातारी ऊर बडवेल, भिंतीवर डोकं आपटेल. ती एवढंच म्हणाली, "तो तुकडा आहे अजून?" मी म्हटलं, आहे. दुसऱ्या दिवसापासून तिचा तो प्रश्न सुरू झाला.

तर अशी ती "नाही" म्हणाली. आम्ही दोघी त्या दिवशी करपलेल्या भाकरीचा चांगला भाग खरवडून दुधात कुस्करून जेवलो. भांडी विसळायला उठताना ती मधेच थांबली.

"त्या पोरीला घरचे काय म्हणतात?" तिनं विचारलं.

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. मुद्दामच.

"काय म्हणणार?" मी म्हटलं.

"रत्ना, मी विचारतेय."

"सोंग करते म्हणतात."

आई पाठमोरी होती. नळ चालू होता आणि हातातली ताटली ती धूतच राहिली, धुऊन झाली तरी. मग नळ बंद केला.

"काप," ती म्हणाली. "पण मी येणार. आगीला मला नेलं नाही कुणी. आता मी असणार तिथं."

दुसऱ्या दिवशी तिनं घडीचं हिरवं लुगडं नेसलं. लेकीच्या सासरी जाताना नेसायची ते. रिक्षात पूर्ण वेळ ती पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. लॅबमध्ये शिरताना चपला बाहेर काढू लागली, मी नको म्हटलं तरी काढल्याच.

मॅडमनी तिला माझ्या यंत्राशेजारी स्टूल दिलं. मी ब्लॉक बर्फावर गार करून यंत्रात बसवला. चाक फिरवलं की पात्यावरून मेणाची पट्टी उतरायची, कापाला काप जोडून, आणि प्रत्येक कापात मधोमध ती पुसट रेघ. मी त्या पट्ट्या चिमट्यानं उचलून कोमट पाण्यावर सोडत होते. सुरकुत्या निघून त्या पाण्यावर सपाट पसरायच्या. आई पुढं वाकून बघत होती.

"हे वैजूच?"

"हो."

तिनं पाण्यापुढं हात जोडले. डोळे मिटले, ओठ हलत राहिले. नदीवर करायचं ते तिनं तिथं केलं. मुजावर मॅडमनी डोक्यावरून ओढणी घेतली आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी कापत होते. मग एका फेरीला पट्टी उतरली ती कोरी. नुसतं मेण. अजून एकदा चाक फिरवून बघितलं, वेड्या आशेनं. तीही कोरी.

"संपली?" आईनं विचारलं.

मी मान हलवली.

पहिल्या काही काचा प्रमाण बसवण्यात गेल्या. एकीवर रंग गढूळ आला, एकीवर उठलाच नाही. दुपारी एका काचेवर मॅडमना हवा तसा स्वच्छ रंग मिळाला, तेव्हा हाताशी वैजूचा एकच काप उरला होता. त्याच्या शेजारी त्याच काचेवर वनिताचा काप ठेवला, आणि त्या दोघींवर मिळून औषध घातलं.

आई जागची हलली नाही. चहा दिला तो तसाच गार झाला.

संध्याकाळच्या आत स्लाइड तयार झाली. मॅडमनी ती मायक्रोस्कोपखाली पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि स्टूलवरून उठून आईला म्हणाल्या, "या, तुम्ही बसा."

आईला आधी नीट दिसेना. मॅडमनी तिच्या डोळ्यांना जुळेल असं करून दिलं. फिक्या निळसर भुईवर सगळीकडे तपकिरी ठिपके, लांबट, दाटीवाटीनं.

"ही तुमची मुलगी," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्लाइड हळूच सरकवली. "आणि ही बाहेर बसलेली."

तिथंही तसेच ठिपके. आई बघत राहिली.

"सारख्याच आहेत की गं दोघी," ती म्हणाली. मग म्हणाली, "परत आमची दाखवा."

मॅडमनी परत सरकवली.

"एवढं होतं तिच्या अंगात?" आई म्हणाली. "एवढं सगळं होतं, आणि पोर पिशवी उचलून गुमान चालत गेली." तिनं डोळे मायक्रोस्कोपच्या काचांवरून काढले नाहीत. त्या काचांवर पाणी पडलं तेव्हा मी पुढं झाले. मॅडमनी मला हातानंच थांबवलं. एरवी त्या काचांना कुणाचं बोट लागलं तरी त्यांना खपायचं नाही.

बाहेर बाकावर वनिता आणि तिची सासू बसल्या होत्या. मॅडमनी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. खरा रोग आहे, हाडात आहे, औषधं आहेत, इंजेक्शन कायम जवळ बाळगायचं, बागेत पाठवायचं नाही, आणि पडली तर तिथंच सोडायची नाही, उचलून पळायचं. सासू म्हणाली, अहो डॉक्टरीणबाई, पण बाकीचे सगळे रिपोर्ट तर चांगले आहेत की. आणि पिशवीत हात घातला.

आई माझ्यामागं उभी होती. ती पुढं झाली आणि त्या बाईचा पिशवीतला हात तिनं धरला.

"चांगल्या रिपोर्टवर जाऊ नका, बाई," आई म्हणाली. "मी गेले होते."

आई वनितासमोर जाऊन उभी राहिली. वनिता अंग चोरून बसली होती, असल्या पोरी बसतात तशी, आता हीपण काही बोलणार म्हणून. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"पोरी, तू सोंग करत नव्हतीस," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. तू सोंग करत नव्हतीस गं."

वनितानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. कोण, कुठली, काही माहीत नव्हतं. पण ती पोर जी हमसायला लागली, ती आईच्या त्या हिरव्या लुगड्यात तोंड खुपसून, थांबेचना. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तेच तेच म्हणत राहिली. कुणाला म्हणत होती, हे तिथं आम्हा दोघींनाच कळत होतं, मला आणि मॅडमना.

वनिता जगली. तिच्या हाडाचा ब्लॉक पुढं आमचा कंट्रोल झाला, मी रिटायर होईतो तोच वापरला. वैजूच्या ब्लॉकची रिकामी प्लॅस्टिकची चौकट मी टाकली नाही, पण घरीही नेली नाही. काय दाखवणार होते आईला?

आई लॅबमध्ये येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले. दारात चपला काढल्या. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"वैजू..." आतून आलं.

आणि पुढं काही आलंच नाही. मी एक चप्पल पायात, एक हातात अशी उंबऱ्यात उभी राहिले. "बरी आहे" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. कितीतरी वेळानं आई म्हणाली, "हातपाय धू. भाकरी गरम आहे."

त्यानंतर ती चांगली सात-आठ वर्षं जगली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. मी मात्र रोज चपला काढताना जरा थांबायची.